पिशवीतले पाच रिपोर्ट आणि एकच आजार

एका आईनं विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. त्यांची मुलगी १९ वर्षांची. दीड वर्षापासून ती जेवण कमी कमी करत आणतेय, आणि आता मानसोपचारतज्ज्ञांनी अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीनं खाणं टाळत जाण्याचा मानसिक आजार, असं निदान करून उपचार सुरू केलेत. त्याआधी वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या तपासण्या करून घेतल्या. चक्कर येऊन पडली म्हणून मेंदूचा एमआरआय झाला, त्यात ‘वयाच्या मानानं मेंदू आकसलेला’. छातीत कसंतरी होतं म्हणून टुडी इको, त्यात ‘हृदयाभोवती थोडं पाणी’. पाळी बंद म्हणून सोनोग्राफी, त्यात ‘पीसीओडी?’. जेवल्यावर उलट्या म्हणून पोटाचा सीटी स्कॅन, त्यात आतड्यावर रक्तवाहिनीचा दाब. डावा खुबा दुखतो म्हणून एक्स-रे, तो नॉर्मल. पुढच्या आठवड्यात डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, आहे. आई विचारतात, ‘यातलं काय भरून येईल आणि काय कायमचं राहील?’

ताई, थेट सांगतो. मेंदू, हृदय, गर्भाशय आणि पोट यांत जे दिसतंय ते बहुतांशी भरून येणारं आहे, आणि त्यावरचं मुख्य औषध अन्न आहे. हाडांचं तसं नाही. ती सावकाश सुधारतात आणि पुष्कळदा पूर्ण सुधारत नाहीत. त्यामुळे पाचांपैकी ज्या रिपोर्टवर ‘नॉर्मल’ लिहिलंय, त्या खुब्याकडे मी सगळ्यांत आधी बघेन. त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय, पण तोवर तिचं गच्चीवरचं चालणं, जिने चढणं-उतरणं आजपासून बंद करा.

मी बावीस वर्षं रेडिओलॉजी करतोय. आमच्याकडे पेशंट चिठ्ठी घेऊन येतो आणि चिठ्ठीवर एकच अवयव लिहिलेला असतो. मेंदू बघणारा मेंदूबद्दल लिहितो, पोट बघणारा पोटाबद्दल. तुमचे पाचही रिपोर्ट आपापल्या जागी बहुधा बरोबरच आहेत. पण ते पाच आजार नाहीत. शरीराला पुरेसं अन्न मिळेनासं झालं की ते एकेका खात्यातून काढून गुजराण करतं, आणि ही त्या काढलेल्या रकमांची नोंद आहे. पाचही कागद एका टेबलावर ठेवून कुणीतरी एकदा वाचायला हवेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना सगळी पिशवी न्या, फक्त शेवटचा रिपोर्ट नको.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या उत्तरात मी कुणाच्याही वजनाचा आकडा लिहिणार नाही. हा आजार असलेल्या मुली आणि मुलगेही असं लिखाण वाचतात आणि आकड्यांशी स्वतःची तुलना करतात.

मेंदूच्या रिपोर्टनं तुमची झोप उडवली असणार. ‘आकसला’ म्हटलं की आपल्याला म्हातारपणचा विसरभोळेपणा आठवतो. इथे प्रकार वेगळा आहे. लांबलेल्या उपासमारीत मेंदूतल्या करड्या आणि पांढऱ्या भागाचं आकारमान कमी होतं, घड्यांमधल्या फटी रुंद दिसतात, आतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या वाटतात. एनिग्मा या आंतरराष्ट्रीय संशोधक गटानं अनेक देशांतल्या रुग्णांचे एमआरआय एकत्र करून २०२२ साली जे प्रसिद्ध केलं, त्यात हा फरक कमी वजनाच्या रुग्णांत ठळक होता आणि ज्यांचं वजन काही प्रमाणात भरून आलं होतं त्यांच्यात बराच कमी होता. मीही वर्ष-दीड वर्षाच्या अंतरानं काढलेले असे एमआरआय शेजारी शेजारी लावून बघितलेत. फटी खरोखर मिटत येतात. या वयात, या आजारात, ‘आकसला’ऐवजी ‘आकारमान घटलेलं, उपासमारीशी सुसंगत, भरून येण्याची शक्यता’ असं लिहायला हवं, असं माझं ठाम मत आहे. तेवढ्याच ओळीनं एखाद्या घराची रात्र बदलते.

मेंदूचं एक मात्र तातडीचं आहे. खूप दिवसांच्या उपासमारीत, विशेषतः उलट्याही होत असतील तर, थायमिन म्हणजे जीवनसत्त्व ब-१ संपत येतं. अशा वेळी तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ अशी लक्षणं दिसली तर एमआरआयची वाट बघत बसायचं नाही, लगेच हॉस्पिटल गाठायचं. त्यात मेंदूच्या मधल्या भागात विशिष्ट खुणा दिसतात, पण त्या दिसल्या नाहीत म्हणून आजार नाही असं होत नाही. आणि आणखी एक, ‘औषध अन्न आहे’ हे माझं वाक्य वाचून घरी एकदम भरभरून वाढायला लागू नका. उपाशी शरीराला अचानक खूप खायला मिळालं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं खाली येतं, त्यात हृदय बंद पडू शकतं. किती वाढायचं, कुठल्या वेगानं वाढवायचं, रक्त कधी तपासायचं, हे तिचे डॉक्टर ठरवतील.

हृदयाभोवतीचं पाणी. अ‍ॅनोरेक्सियात हे बऱ्याच जणांत सापडतं, बहुतेक वेळा पातळ थर असतो, त्रास देत नाही आणि वजन सुधारलं की निघून जातं. सुई घालून ते काढायची वेळ क्वचितच येते. त्याच इकोत हृदयाचा स्नायू पातळ झालेला आणि झडप थोडी सैल दिसली असेल, कारण हृदय लहान होतं आणि झडप मूळ मापाचीच राहते. छातीच्या एक्स-रेवरही असं हृदय अरुंद, लांबट, लोंबत्या थेंबासारखं दिसतं. उपाशी माणसाचं हृदय आकसतं हे फार आधी मोजून झालंय. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवकांना महिनोन्‌महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. त्यांची हृदयं लहान झाली, आणि पुन्हा जेवायला मिळाल्यावर सावकाश पूर्वपदावर येऊ लागली. त्या तरुणांना कसलाही मानसिक आजार नव्हता, तरी उपाशी राहिल्यावर तेही दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले, चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले. तुमच्या मुलीच्या स्वभावात झालेल्या बदलातलाही काही वाटा निव्वळ भुकेचा आहे, हे घरातल्या सगळ्यांना कळू द्या.

आता सोनोग्राफी. इथे मी जरा जोरात बोलणार आहे. ‘पीसीओडी?’ हे प्रश्नचिन्हासकट लिहिलेलं निदान आपल्याकडे इतकं सवयीचं झालंय, की पाळी अनियमित आणि बीजकोशात चार बुडबुडे दिसले की हात आपोआप तेच टाइप करतो. अ‍ॅनोरेक्सियात मेंदूकडून बीजकोशांना येणारे संदेश मंदावतात. त्यामुळे गर्भाशय पाळी सुरू होण्याआधीच्या मुलीसारखं लहान दिसतं, आणि शरीर थोडं सावरू लागलं की बीजकोशात सगळीकडे विखुरलेले छोटे छोटे फुगे दिसू लागतात. याला इंग्रजीत मल्टिफॉलिक्युलर ओव्हरी म्हणतात. ते वरवर पीसीओडीसारखंच दिसतं, पण बीजकोश फारसा मोठा नसतो, मधला गाभा वाढलेला नसतो, आणि मुख्य म्हणजे गर्भाशय लहान असतं. चित्र वाचताना समोरच्या मुलीकडे बघितलं तर ही चूक होणार नाही. आणि ही चूक साधी नाही. पीसीओडीची पुढची ओळ काय असते? ‘वजन कमी करा.’ एका मुलीच्या हातात मी तो कागद बघितलाय. तिनं तो घडी करून पर्समध्ये जपून ठेवला होता. आई जेवायला वाढू लागली की ती तो काढून दाखवायची.

हेच पाळीच्या गोळ्यांचं. गोळ्यांनी महिन्याला रक्तस्राव होतो, घरच्यांना वाटतं पाळी आली, सुटलो. तोंडाने घ्यायच्या नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या या आजारात हाडांचं रक्षण करतात असं दिसलेलं नाही. शरीर सावरतंय का, हे सांगणारी खूण मात्र त्या झाकून टाकतात.

उलट्यांबद्दल. तुम्ही लिहिलंय की घरात दोन तट पडलेत. आजी म्हणतात मुद्दाम काढते, तुम्ही म्हणता खरंच होते. सीटीत जे दिसलंय त्याचा अर्थ असा. पोटात महारोहिणी, म्हणजे शरीरातली सगळ्यांत मोठी रक्तवाहिनी, पाठीच्या कण्यावरून खाली जाते आणि तिच्यातून आतड्याला रक्त पुरवणारी एक मोठी फांदी पुढे निघते. या दोघींच्या मधल्या कोनातून लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग आडवा जातो. त्या कोनात चरबीची छोटी गादी असते, ती फांदीला उचलून धरते. चरबी गेली की फांदी खाली बसते आणि आतडं कात्रीत सापडल्यासारखं दबतं. साधारणपणे हा कोन २५ ते ६० अंशांचा आणि मधलं अंतर १० ते २८ मिलिमीटर असतं. कोन २२-२५ अंशांच्या खाली आणि अंतर ८ मिलिमीटरच्या खाली गेलं की आम्ही सावध होतो. मात्र कोन अरुंद असणाऱ्या सगळ्यांनाच हा त्रास नसतो. कितीतरी सडपातळ माणसं तसा कोन घेऊन मजेत जेवतात. जठर आणि त्यापुढचं आतडं फुगलेलं दिसतंय का, दाबाच्या जागी अचानक चिंचोळं होतंय का, हे बघूनच निदान करायचं. तुम्ही कळवलेल्या मजकुरात जठर फुगल्याचं लिहिलंय, म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता मोठी. पण आजींनाही दोष देऊ नका, कारण या आजारात दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. जेवण थोडं थोडं द्या, आणि जेवल्यावर तिला डाव्या कुशीवर झोपवून बघा. पुष्कळांना बरं वाटतं. फारच अडलं तर नाकातून बारीक नळी दाबाच्या पलीकडे नेऊन तिथून अन्न देतात. गादी परत भरली की कोन उघडतो. ऑपरेशन बहुतेकांना लागत नाही.

आता खुबा.

काही वर्षांपूर्वी एक कॉलेजातली मुलगी खुब्याच्या एमआरआयला आली होती. अर्ध्या तासानं टेक्निशियन माझ्या खोलीत आला. ‘सर, मशीनला काहीतरी झालंय. फॅट सप्रेशन होतच नाहीये. तीनदा घेतलं.’ याचा अर्थ सांगतो. एमआरआयमध्ये आम्ही एका प्रकारच्या चित्रात चरबी पांढरी दाखवतो आणि दुसऱ्या प्रकारच्या चित्रात चरबीचा सिग्नल मुद्दाम दाबून फक्त पाणी, म्हणजे सूज, उजळ दाखवतो. तिच्या चित्रांत सगळं उलटं होतं. जिथे चरबी पांढरी दिसायला हवी तिथे हाडांच्या आतला भाग काळपट, आणि जिथे ती दबायला हवी तिथे तो पाण्यासारखा चकाकत होता. मी खुर्ची ओढून बसलो, आणि मग कातडीखालच्या थराकडे लक्ष गेलं. तिथे थरच नव्हता. त्वचा, आणि लगेच स्नायू. मशीन उत्तम चाललं होतं. दाबायला चरबीच शिल्लक नव्हती.

उपासमार टोकाला गेली की अस्थिमज्जेतल्या चरबीच्या पेशी आकसतात आणि त्यांच्या जागी जेलीसारखा पदार्थ साचतो. गंमत वाटावी असं, पण खरं म्हणजे काळजीचं शास्त्र असं आहे की आजाराच्या आधीच्या टप्प्यात अंगावरची चरबी घटत असताना मज्जेतली चरबी उलट वाढलेली असते. सगळ्यांत शेवटी तीही जाते. अशा मुलींचं हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशीही कमी येतात, आणि ज्याला आजाराचा इतिहास सांगितलेला नाही असा रेडिओलॉजिस्ट ही चित्रं बघून रक्ताच्या कर्करोगाची शंका लिहू शकतो. म्हणून एमआरआयच्या फॉर्मवर ‘खुब्यात दुखणं’ एवढंच लिहू नका. ‘अ‍ॅनोरेक्सिया, दीड वर्ष’ असं स्पष्ट लिहा. लाजायचं काही नाही, त्या एका शब्दावर रिपोर्ट बरोबर येणार की चूक, हे ठरतं.

दुसरा धोका याहून मोठा. ताणामुळे हाडाला बारीक तडा गेला की आम्ही तो मज्जेतल्या सुजेवरून ओळखतो. पण सगळी मज्जाच पाण्यासारखी चकाकत असेल तर सूज वेगळी कशी दिसणार? त्या मुलीचा तडा मला पहिल्या चित्रांत दिसला नाही. दुखणं नेमकं एका बोटाच्या जागी होतं म्हणून त्याच दिवशी सीटी केला, आणि मांडीच्या हाडाच्या मानेत रेष सापडली. साध्या एक्स-रेवर असा तडा पहिले काही आठवडे दिसेलच असं नाही, म्हणून तुमच्या नॉर्मल एक्स-रेवर मी विसंबणार नाही. हाडाच्या मानेतला तडा वेळेत सापडला तर बऱ्याचदा पायावर भार न देता भरतो. सरकला तर ऑपरेशन. अस्थिरोगतज्ज्ञांना डेक्साच्या तारखेआधी दाखवा.

डेक्साचा कागद हातात आला की त्यात दोन आकडे असतील, टी-स्कोअर, म्हणजे धडधाकट तरुण प्रौढांशी तुलना, आणि झेड-स्कोअर. तिच्या वयात झेड-स्कोअर बघायचा, म्हणजे तिच्याच वयाच्या मुलींशी तुलना. तो उणे २ किंवा त्याखाली असेल तर ‘वयाच्या अपेक्षेपेक्षा कमी’ म्हणतात. टी-स्कोअरवरून ‘ऑस्टिओपोरोसिस’ असा शिक्का एकोणिसाव्या वर्षी मारू नये. हाडांची बहुतेक ठेव किशोरवयातच जमा होते, पुढची सगळी वर्षं त्याच ठेवीवर काढायची असतात. ठेव भरायच्या वर्षांतच उपासमार झाली, म्हणून हाडांबद्दल मी सुरुवातीला तसं लिहिलं. पण वजन आणि नैसर्गिक पाळी परत आल्यावर घसरण थांबते, काही भाग परतही मिळतो, आणि वय लहान असताना जेवढ्या लवकर हे होईल तेवढं जास्त मिळतं. वर्षाच्या आत पुन्हा डेक्सा करून उपयोग नाही, तेवढ्यात फरक मोजता येत नाही.

तुम्ही विचारलं नाहीये, पण उलट्यांचा उल्लेख आहे म्हणून लिहितो. काही मुलींचा आजार पुढे खूप खाणं आणि मग ते काढून टाकणं या वळणावर जातो, आणि वजन ठीक दिसत असल्यानं घरात कळतही नाही. गालांच्या मागे कानाखाली दोन्ही बाजूंना न दुखणारी सूज, वरच्या दातांची आतली बाजू झिजलेली, बोटांच्या पेरांवर घट्टे, या खुणा. सोनोग्राफीत त्या गालाच्या ग्रंथी मोठ्या पण बाकी साध्या दिसतात. जोरात उलटी होऊन मानेत किंवा छातीत हवा झिरपलेली मी सीटीत पाहिलीय. दोन प्रसंगांत मात्र थेट तातडीच्या विभागात जायचं. एक, उलटीनंतर छातीत असह्य कळ. दुसरा, खूप खाल्ल्यावर पोट फुगून दगड झालंय, भयंकर दुखतंय आणि उलटी करू म्हटलं तरी होत नाही. जठर इतकं ताणलं जातं की त्याचा रक्तपुरवठा तुटतो. तिथे काही तासांचाच प्रश्न असतो.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, ‘तिला मेंदूचा फोटो दाखवू का, घाबरून तरी जेवेल?’ नको. मी पूर्वी हे केलंय. आईवडील विनवायचे आणि मी स्क्रीन वळवून दाखवायचो. एका मुलीनं शांतपणे सगळं बघितलं आणि विचारलं, ‘सर, याहून वाईट केस तुम्ही बघितलीय?’ तिला ती स्पर्धा वाटत होती. त्या दिवसापासून बंद केलं. उलट बाजूही तितकीच घातक आहे. रिपोर्ट नॉर्मल आला की ‘बघ, मला काही झालेलं नाही’ हे वाक्य येतं. आमच्या चित्रांत पोटॅशियम दिसत नाही, मंदावलेली नाडी दिसत नाही, मनातली भीती तर नाहीच. जिवाला धोका किती, हे आधी नाडी, रक्तदाब, ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या सांगतात. स्कॅन त्यानंतर.

दाखवायचंच असेल तर सुधारल्यानंतरची जोडी दाखवा. लंडनचे विल्यम गल यांनी १८७० च्या दशकात या आजाराला आजचं नाव दिलं, तेव्हा त्यांनी आपल्या लेखात फोटोंवरून कोरलेली चित्रं छापली होती, आजारातली आणि बरं झाल्यानंतरची. एक्स-रेचा शोधही तेव्हा लागायचा होता.

तपासणीला येतानाचं थोडं. काउंटरवर आधीच सांगून ठेवा की वजन मोठ्यानं विचारू नये, आणि काट्यावर उभं करताना तिची पाठ आकड्याकडे असावी. एमआरआयची खोली गार असते आणि टेबल कडक, या मुलींना थंडी फार लागते आणि हाडं टोचतात. घरची शाल न्या, त्यात धातूची जर नको, आणि पाठीखाली जादा गादी मागून घ्या. पोटाच्या सोनोग्राफीसाठी उपाशी यायला सांगतात, तर सकाळचा पहिला नंबर घ्या आणि बाहेर पडताच खायला द्या. लघवीची पिशवी भरायला लिटरच्या लिटर पाणी पाजू नका, रक्तातलं सोडियम उतरतं. सीटीसाठी शिरेतून औषध द्यायचं असेल तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, नॉर्मल आहे एवढ्यावर थांबू नका, कारण स्नायू कमी असले की मूत्रपिंड दुखावलेलं असूनही तो आकडा चांगला दिसतो. आम्हाला तसं सांगा. डेक्साच्या मशीनवर अंगातल्या चरबीची टक्केवारी देणारं एक पान निघतं. ते पान तिच्या हातात पडू देऊ नका, पाकीट तुम्ही घ्या. रात्री-अपरात्री तुम्हालाच कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या नंबरवर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि फोनवर कुणी सवयीनं ‘उपाशीपोटी या’ म्हणालं तरी डेक्साला उपाशी यावं लागत नाही. कॅल्शियमची गोळी तेवढी आदल्या दिवसापासून थांबवा, आणि तिला नाश्ता देऊन आणा.